तपशील चुकला म्हणून आठवण खोटी ठरते का?

वाचकाचे पत्र

माझी धाकटी बहीण आता ३६ वर्षांची आहे. काही महिन्यांपूर्वी तिने घरात सांगितले की, ती नऊ वर्षांची असताना आम्ही सुटीत काकांकडे राहायला गेलो होतो, तेव्हा काकांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केले. वडील लवकर गेल्यामुळे आम्हा दोघांना याच काकांनी वाढवले. ते आता ७१ वर्षांचे आहेत आणि सारे साफ नाकारतात. बहीण म्हणते की त्या सुटीत मी शिबिराला गेलो होतो; मला मात्र पक्के आठवते की मी तिथेच होतो. ती माडीवरच्या ज्या खोलीचे वर्णन करते, ती काकूंच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षांनंतर बांधली गेली. मधली अनेक वर्षे आपण हे विसरलो होतो आणि आपली मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा ते आठवले, असे ती सांगते. पण तिचा नवरा म्हणतो की यातले काही तिने लग्नाआधीच त्याला सांगितले होते. दोन प्रसंग ती पहिल्यापासून सांगते आहे, तिसरा मात्र समुपदेशकाकडे जाऊ लागल्यावर आठवला. ‘इतक्या चुका असलेली गोष्ट खरी कशी?’ असे काकू विचारतात, आणि बहिणीने सर्वांसमोर माफी मागावी असा त्यांचा आग्रह आहे. चुलतभावाची आठ वर्षांची मुलगी प्रत्येक सुटीत काकांकडेच असते. मी कोणाच्या आठवणीवर विश्वास ठेवू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ देता येईल, त्याला देता येणार नाही. २७ वर्षांपूर्वी काय घडले याचा निर्णय लागो किंवा न लागो, आठ वर्षांच्या मुलीने काकांच्या सोबत एकटे राहू नये, एवढी व्यवस्था तिच्या आईवडिलांनी आजच करायला हवी आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर घालणे हे तुमचे काम आहे. यात काकांना दोषी ठरवण्याचा प्रश्न येत नाही. आरोप खोटा ठरला, तर मुलीची एखादी सुटी वेगळ्या ठिकाणी गेली एवढेच नुकसान होईल. तो खरा असेल आणि कोणी काही केले नाही, तर होणारे नुकसान भरून येण्यासारखे नाही. मात्र त्या मुलीला घरातल्या कोणीही प्रश्न विचारत बसू नये. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीत मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपाच्या प्रकरणात १९८३पासून शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्या मुलाखतींत उत्तर सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, हवे ते उत्तर देणाऱ्या मुलांचे कौतुक झाले, आणि इतर मुले काय म्हणाली तेही सांगितले गेले. वर्षानुवर्षे चाललेला तो खटला १९९०मध्ये एकही दोषसिद्धी न होता संपला. तिथे खरोखर काही घडले होते की नव्हते, हे शोधण्याची वाटच त्या प्रश्नांनी बंद करून टाकली. मुलीच्या वागण्याबोलण्यात काही काळजीचे दिसले, तर मुलांशी बोलण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडेच तिला न्यावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत काय घडले ते मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि केवळ पत्र वाचून कोणी ते सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. पण तुमच्या घरात जे युक्तिवाद चालले आहेत ते टिकतात की नाही, हे नक्की सांगता येते, कारण स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी नेमक्या याच गोष्टी दीर्घकाळ तपासल्या आहेत. माझे मत आरंभीच स्पष्ट करतो. काकूंनी दाखवलेल्या विसंगतींपैकी एकही विसंगती, आज तुम्ही मांडली आहे त्या स्वरूपात, आरोप खोटा असल्याचे दाखवत नाही. आणि बहिणीची तळमळ, तिचे रडणे, तिची खात्री यांपैकी काहीही आरोप खरा असल्याचे दाखवत नाही.

इतक्या उशिरा बोलण्याबद्दल तुम्ही स्वतः काही लिहिलेले नाही, परंतु घरात तो विषय निघालाच असणार. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात हजारो पीडितांचे म्हणणे खासगी बैठकींत ऐकून घेतले. त्या व्यक्तींना घडलेली गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षे लागली होती. तुमच्या बहिणीला घरात सांगायला लागलेला काळ या सरासरीच्या जवळच येतो. ज्या माणसाने अन्नवस्त्र दिले, शाळेची फी भरली, ज्याच्याविषयी घरातला प्रत्येकजण कृतज्ञतेनेच बोलतो, त्याच्याविरुद्ध नऊ वर्षांच्या मुलीने कोणाजवळ बोलायचे होते? तिथे भीती होती, परावलंबन होते, आणि घडले त्याला काय म्हणतात हे कळण्याचे वयही नव्हते. उशीर झाला की कागद हरवतात, साक्षीदार मरण पावतात, तपास अवघड होतो, हे सारे खरे. पण उशीर हा खोटेपणाचा पुरावा होत नाही. शिवाय उशिरा सांगणे आणि उशिरा आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन प्रसंगांच्या बाबतीत तुमच्या बहिणीने, निदान नवऱ्याच्या सांगण्यावरून तरी, बहुतेक उशिरा सांगितले आहे. तिसऱ्या प्रसंगाच्या बाबतीत उशिरा आठवले आहे. पुढे या फरकाला फार महत्त्व येणार आहे.

आठवण चुकते म्हणजे काय होते, हे प्रथम नीट पाहू. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२मध्ये मांडलेल्या प्रयोगांपासून हे दिसत आले आहे की माणूस आठवताना साठवलेली प्रत बाहेर काढत नाही, तर उरलेल्या खुणांच्या आधारे घटना पुन्हा रचतो आणि मधल्या रिकाम्या जागा आपल्या समजुतीप्रमाणे भरून घेतो. बाहेरून आलेला एखादा शब्दही त्या जागी जाऊन बसू शकतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. नंतर काहींना ‘गाड्या एकमेकींवर आदळून चेंदल्या तेव्हा वेग किती होता’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला, तर काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे सौम्य शब्द वापरून तोच प्रश्न विचारला. कठोर शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का असे विचारल्यावर, कठोर क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी आणि सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी ‘हो’ म्हटले. चित्रफितीत काचा फुटलेल्या नव्हत्याच. पण यातली एक बाजू अनेकदा सांगायची राहून जाते. वेग चुकला, काचा चुकल्या, तरी टक्कर झाली होती.

हाच मुद्दा प्रयोगशाळेबाहेर फार स्पष्टपणे दिसला तो जॉन डीन यांच्या साक्षीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे कायदेविषयक सल्लागार असलेल्या डीन यांनी १९७३मध्ये वॉटरगेट प्रकरणी (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी आणि ती दडपण्याचे प्रयत्न) सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीची सर्वत्र वाखाणणी झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील ध्वनिफिती उघड झाल्या आणि मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी १९८१मध्ये डीन यांची साक्ष त्या फितींशी ताडून पाहिली. एका महत्त्वाच्या बैठकीबद्दल त्यांनी सांगितलेले शब्द त्या बैठकीत जवळजवळ कोणीच उच्चारले नव्हते. वेगवेगळ्या दिवशींची संभाषणे एकमेकांत मिसळली होती. आणि तरीही मूळ आरोप, म्हणजे प्रकरण दडपण्याचा प्रयत्न चालू होता आणि राष्ट्राध्यक्षांना ते ठाऊक होते, हा पूर्णपणे खरा होता. काकूंचा न्याय लावला असता तर डीन यांना खोटारडे ठरवून माफी मागायला लावावी लागली असती.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सत्य सांगितले असे होईल. कधीकधी चूक किरकोळ तपशिलात नसते, ती माणसाच्या ओळखीतच असते. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांना बलात्काराच्या आरोपावरून पकडण्यात आले. पीडित स्त्रीने त्यांना खात्रीपूर्वक ओळखले होते. परंतु घटनेच्या वेळी थॉमसन दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपित कार्यक्रमात बोलत होते. हल्ला झाला तेव्हा त्या स्त्रीच्या घरात तोच कार्यक्रम चालू होता आणि पडद्यावरचा चेहरा हल्लेखोराच्या जागी जाऊन बसला होता. तिच्यावर बलात्कार झाला होता, ती खोटे बोलत नव्हती, आणि तरी तिने दाखवलेला माणूस निर्दोष होता. तुमच्या प्रकरणात मात्र आरोप अनोळखी माणसावर नाही. ज्याच्या घरी सुट्या घालवल्या आणि ज्याला रोज पाहिले, त्याची ओळख चुकणे हे क्षणभर पाहिलेल्या परक्याची ओळख चुकण्यापेक्षा पुष्कळच कमी संभवते. अशक्य मात्र नाही, आणि तपास करणाऱ्याने त्या घरात तेव्हा आणखी कोणाची ये-जा होती हेही विचारलेच पाहिजे.

आता खोली आणि शिबिर. लहानपणच्या घटना कोणत्या साली घडल्या हे सांगण्यात माणसे फार चुकतात. प्रसंग लख्ख आठवत असतानाही वर्ष चुकते. त्यातच एकाच घरात, एकाच प्रकारच्या सुटीत, पुन्हा पुन्हा घडलेल्या गोष्टी असतील तर नेहमी काय व्हायचे ते पक्के राहते आणि कोणत्या वेळी काय झाले त्याची सरमिसळ होते. मुलांनी सांगितलेल्या वारंवारच्या अत्याचारांच्या हकिकतींत हे सतत आढळते. या दृष्टीने तुमचे पत्र पुन्हा वाचा. खोली दोन वर्षांनंतर बांधली असेल, तर बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती. ती अकरा वर्षांची असताना तुम्ही शिबिराला गेला होता का? गेला असाल, तर ज्यांना तुम्ही दोन स्वतंत्र चुका समजत आहात त्या वयाच्या एकाच चुकीतून आलेल्या असू शकतात आणि तिचे बाकीचे सांगणे जुळू लागते. तुम्ही त्या वर्षीही गेला नसाल, तर विसंगती कायम राहील आणि तीही प्रामाणिकपणे नोंदवावी लागेल. शिवाय खोली कधी बांधली हीदेखील काकूंची आठवणच आहे; बांधकामाची परवानगी, पावत्या किंवा त्या काळातले छायाचित्र मिळाले तर ते दोघींच्याही आठवणींपेक्षा अधिक भरवशाचे ठरेल.

हे सारे तुम्ही शोधा, पण बहिणीला ‘तू तेव्हा अकरा वर्षांची असशील’ असे चुकूनही सुचवू नका. तुम्ही सुचवलेत आणि तिला ते पटले, तर पुढे तिची आठवण कोणती आणि तुमची भर कोणती हे कोणालाच वेगळे करता येणार नाही.

तुम्ही तिथेच होता हे तुम्हाला ‘पक्के आठवते’ असे लिहिले आहे. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान आकाशात नष्ट झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की ही बातमी कळली तेव्हा ते कुठे होते आणि कोणासोबत होते. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना पुन्हा विचारले, तेव्हा चौथ्या हिश्श्याची उत्तरे सर्व मुख्य बाबतींत चुकली होती, आणि यातील अनेकांना आपले चुकीचे उत्तर अगदी बरोबर वाटत होते. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवल्यावरही काहींना आजची आठवणच खरी वाटत राहिली. तुमच्या आठवणीला २७ वर्षे झाली आहेत. बहिणीची आठवण आरोपीच्या पिंजऱ्यात आणि तुमची, काकूंची, काकांची आठवण मात्र न्यायाच्या आसनावर, अशी मांडणी तुमच्या घरात नकळत झाली आहे. ती न्याय्य नाही. चौघांनाही एकच कसोटी लागू केली पाहिजे.

‘विसरले होते’ आणि ‘नवऱ्याला सांगितले होते’ या विसंगतीने काकूंना सर्वांत जास्त बळ दिले असावे. मला स्वतःला ती आश्चर्यकारक वाटत नाही. जोनाथन स्कूलर यांनी १९९०च्या दशकात अशी प्रकरणे तपासली ज्यांत व्यक्तीला वाटत होते की आपण अत्याचार इतकी वर्षे पूर्ण विसरलो होतो आणि तो आता अचानक आठवला. त्यांपैकी काही प्रकरणांत मात्र त्याच काळात ती पतीजवळ त्याबद्दल बोलली होती, असे पतीकडून कळले. घडलेली गोष्ट आता नव्या अर्थाने, सगळ्या धक्क्यासह समोर येते, आणि त्या धक्क्यामुळे असे वाटते की हे पूर्वी मला ठाऊकच नव्हते. म्हणजे इथे चुकते ती बहुधा घटनेची आठवण नसून, आपण ती किती विसरलो होतो याविषयीची समजूत असते. स्वतःची मुलगी त्या वयाची झाल्यावर आईला ‘मी एवढीशी होते’ हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसते, आणि जुन्या आठवणीचा अर्थ बदलतो. आणखी एक गोष्ट काकूंच्या लक्षात आलेली दिसत नाही. नवऱ्याचे सांगणे बहिणीची हकिकत दुबळी करत नाही, उलट तिला आधार देते. कारण मुलगी नऊ वर्षांची होण्याच्या आधी, समुपदेशकाकडे जाण्याच्या आधी, घरातल्या या वादाच्या कितीतरी आधी तिने काहीतरी सांगितले होते असा त्याचा अर्थ होतो. तिने तेव्हा नेमके काय सांगितले होते, हे तिच्या नवऱ्याने, तिच्याशी चर्चा न करता, आठवेल तेवढेच आणि आठवत नसेल तिथे तसे नमूद करून लिहून ठेवावे.

खरोखर विसरणे घडते का, यावर तज्ज्ञांमध्ये तीव्र वाद झाले आहेत. लिंडा मेयर विल्यम्स यांनी १९९४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सुमारे १७ वर्षांनी भेटून विचारले असता ३८ टक्के स्त्रियांनी त्या नोंदलेल्या घटनेचा उल्लेख केला नाही. गेल गुडमन आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या अभ्यासात, ज्यांची प्रकरणे पूर्वी न्यायालयापर्यंत गेली होती अशांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांनी आपला अनुभव सांगितला. न सांगणाऱ्यांतले किती विसरलेले आणि किती बोलू न इच्छिणारे, हे वेगळे करणे कठीण असते. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या कार्यगटाने १९९६मध्ये जी सहमती नोंदवली ती मला आजही योग्य वाटते. अत्याचार झालेल्या बहुतेकांना तो पूर्णपणे किंवा अंशतः आठवत असतो. दीर्घकाळ विसरलेली घटना नंतर आठवणे शक्य आहे. आणि कधीच न घडलेल्या घटनेची खरी वाटणारी आठवण तयार होणेही शक्य आहे.

या शेवटच्या शक्यतेमुळे तिसरा प्रसंग मी पहिल्या दोघांपासून वेगळा ठेवतो. एल्के गेराएर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना अत्याचार सतत आठवत होता त्यांच्या ४५ टक्के आठवणींना आणि ज्यांना तो उपचाराबाहेर अचानक आठवला त्यांच्या ३७ टक्के आठवणींना बाहेरून पुष्टी मिळाली. उपचारादरम्यान परत आलेल्या एकाही आठवणीला ती मिळाली नाही. हा शेवटचा गट लहान होता, आणि पुष्टी न मिळणे म्हणजे खोटे ठरणे नव्हे. तरीही यातून सावधगिरी घ्यायलाच हवी. इथे महत्त्वाचा प्रश्न असा की ती आठवण समुपदेशकासमोर कशी आली. बहीण मोकळेपणाने बोलत असताना तिला ती आपोआप सुचली असेल, तर एक गोष्ट. संमोहन करून, डोळे मिटून घटनेची कल्पना करायला सांगून, स्वप्नांचे अर्थ लावून, किंवा ‘तुमच्या त्रासावरून वाटते की आणखीही काही घडले असणार’ असे सांगून ती आली असेल, तर तिचे वजन खूपच कमी होते. हे विचारण्याचा हक्क बहिणीचा आहे, तुमचा नाही. तिला इच्छा असेल तर तिने समुपदेशकाकडून पद्धती आणि टिपणे यांची माहिती घ्यावी. तिसरा प्रसंग संशयास्पद ठरला तरी पहिले दोन त्याच्यासोबत कोसळत नाहीत, कारण ते समुपदेशकाच्या खोलीत पाऊल टाकण्याआधीचे आहेत.

खोटी आठवण रुजवण्याच्या ज्या प्रयोगाचे नाव अशा प्रत्येक वादात घेतले जाते, त्याच्याबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५मध्ये २४ जणांना सांगितले की लहानपणी ते बाजारसंकुलात हरवले होते. तसे काही घडले नव्हते, तरी सहा जणांनी ती आठवण पूर्णपणे किंवा अंशतः स्वीकारली. या प्रयोगाच्या आधीच्या चाचणीत एका विद्यार्थ्याने आपल्या १४ वर्षांच्या धाकट्या भावाला हीच कहाणी सांगितली होती, आणि काही दिवसांत तो मुलगा न सांगितलेले तपशीलही भरू लागला होता. कॅथी पेझडेक यांनी नंतर दाखवले की सूचना कितपत संभाव्य वाटते यावर बरेच अवलंबून असते; त्यांच्या प्रयोगातील २० पैकी तिघांनी हरवल्याची कहाणी मानली, पण लहानपणी एनिमा दिला गेल्याची कहाणी कोणीच मानली नाही. मला यातून तुमच्यासाठी महत्त्वाचे वाटते ते असे की या प्रयोगांतील सूचना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भरवशावर दिलेली होती. थोरल्या भावंडाचा शब्द धाकट्याच्या आठवणीत सहज शिरतो. तुम्ही थोरले आहात. ‘असे झालेच नसेल, तुला स्वप्न पडले असेल’ हे तुमचे वाक्यही तिच्या आठवणीत तितकेच शिरेल, जितके ‘आणखी काय केले त्यांनी, तिथेही हात लावला का’ हा प्रश्न शिरेल. दोन्ही टाळा.

तिची वेदना पाहून तुम्ही हेलावून गेला आहात हे पत्रातून जाणवते, आणि भाऊ म्हणून तसे व्हायलाच हवे. परंतु भावनेची तीव्रता ही आठवणीच्या खरेपणाची मोजपट्टी नाही. रिचर्ड मॅकनॅली आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये परग्रहवासीयांनी आपले अपहरण केले असे मानणाऱ्या लोकांची तपासणी केली, तेव्हा ती कथा ऐकताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि घाम यांची प्रतिक्रिया खऱ्या आघातातून गेलेल्यांसारखीच तीव्र होती. तिचे दुःख खरे आहे. त्या दुःखाचे कारण कोणते, हे मात्र दुःखाच्या आकारावरून ठरत नाही. हाच नियम काकांनाही लागू होतो. त्यांचा संताप, त्यांचे डोळ्यांत पाणी आणून नाकारणे, त्यांनी तुमच्यासाठी केलेले सारे कष्ट यांवरून ते निर्दोष ठरत नाहीत. मुलांना मायेने वाढवणारा माणूस त्यांच्यापैकी एकावर अत्याचार करू शकतो, आणि नेमक्या अशाच घरात ते लपून राहते. त्याचबरोबर निर्दोष माणूसही असाच संतापेल, याचा विसर पडू देऊ नका. त्या सुटीत ते पूर्ण काळ परगावी होते असे नोकरीच्या कागदांवरून निघाले, तर तो खिडकीच्या पडद्याच्या रंगासारखा किरकोळ तपशील ठरणार नाही, आरोपाच्या मुळाशी जाणारी गोष्ट ठरेल. आणि तेव्हा तुम्ही ती दडपून चालणार नाही.

तुम्ही आधी एक करा. कोणाशीही आणखी न बोलता, त्या दोन-तीन सुट्यांबद्दल तुम्हाला जे आठवते ते आजची तारीख घालून लिहून काढा. कुठे खात्री आहे, कुठे अंदाज आहे, कोणती गोष्ट नंतर घरातल्या बोलण्यातून कळली, हे वेगळे लिहा. मग शिबिराचे प्रमाणपत्र, शाळेच्या नोंदी, जुनी पत्रे, मागे तारीख असलेली छायाचित्रे शोधा. जे मिळेल ते मूळ स्वरूपात ठेवा. ते तुमच्या लिहिलेल्या आठवणीच्या विरुद्ध गेले तरी कागदावरचे खोडू नका. तुम्ही घरातले सगळे एकत्र बसून ‘काय झाले होते ते आठवू या’ असा प्रयत्न मुळीच करू नका, कारण एकत्र आठवताना माणसांच्या आठवणी एकमेकींसारख्या होत जातात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सर्वांची होते.

बहिणीशी बोलताना तुम्हाला न्याय द्यायचा नाही, तेव्हा ‘माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे’ असे मनात नसताना म्हणण्याची गरज नाही. ‘तू जे सांगते आहेस ते मी गंभीरपणे घेतो, तुला खोटी म्हणत नाही आणि कोणाला म्हणू देणार नाही’ हे मात्र तुम्ही आज खरेपणाने म्हणू शकता, आणि मला वाटते तिला त्याचीच गरज आहे. ती आपणहून बोलली तर ऐका, ‘पुढे सांग’ यापलीकडे काही जोडू नका. तिला तक्रार करायची असेल, तर मुदतीचे आणि पुराव्याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, म्हणून तिने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तो घेण्यापूर्वी घरात आणखी जबाब देत बसू नये. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा आहे, आणि नऊ वर्षांची असताना तिला कोणताच निर्णय घेता आला नव्हता असे तिचे म्हणणे असेल, तर निदान हा निर्णय तरी तिच्या हातून काढून घेऊ नका. मात्र लहान मुलीला धोका असल्याची वाजवी शंका असेल, तर अनेक देशांत ती कळवणे ही कायद्याने जबाबदारी असते, ती बहिणीच्या निर्णयावर सोडता येत नाही. वकिलाला हाही प्रश्न विचारा.

राहिली काकूंची मागणी. सर्वांसमोर माफी मागायला लावणारी बैठक होऊ देऊ नका, आणि झालीच तर तिला जाऊ नका. तिथे कोणतीही गोष्ट सिद्ध होणार नाही. नातेवाइकांच्या दबावाखाली बहिणीने माघार घेतली तर ती माघारही पुराव्यासारखी मिरवली जाईल, आणि दबावाखाली घेतलेली माघार ही दबावाखाली दिलेल्या कबुलीइतकीच कुचकामी असते. काकूंना भेटून एवढेच सांगा: ‘काकांना निर्दोष ठरवण्याची घाई मी करणार नाही आणि दोषी ठरवण्याचीही करणार नाही. खोली कधी बांधली याचे कागद तुमच्याकडे असतील तर ते जपून ठेवा आणि मला दाखवा. आणि हे सगळे चालू असताना नात तुमच्याकडे एकटी राहणार नाही.’

तुमचा हितचिंतक